खातं नको, नाव सांग

आप्पांनी माझं पहिलं पत्रक पेन्सिलीनं नासवलं.

कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याचा सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळालाच पाहिजे, असं ठणकावून सांगणारं ते पत्रक घेऊन मी शहापुरातल्या त्यांच्या घरी सही मागायला गेले होते. गावात नाव असलेला इंजिनिअर, त्यात विणकराच्या घरातला. त्यांची सही खाली असली तर चार लोक जास्त वाचतील, एवढाच माझा विचार. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. 'प्रशासन', 'व्यवस्था', 'यंत्रणा', 'संबंधित अधिकारी' अशा प्रत्येक शब्दाभोवती गोल काढला आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द लिहीत गेले. कोण? कोण? कोण?

"'प्रशासन झोपले आहे' लिवलीस. कोण झोपलंय?"

"प्रशासन," मी म्हणाले.

"त्येला डोळे असत्यात व्हय गं? खातं नको, नाव सांग. कुठल्या टेबलावर झोपलंय ते सांग. मग दोघं जाऊन उठवूया." कागद माझ्या हातात देत म्हणाले, "तुझ्या पत्रकात एक बी माणूस न्हाय. शिव्या तेवढ्या हायत."

सही दिली नाही. मी चिडून उचगावची बस धरली आणि वाटेत तो कागद चुरगाळून फेकायचा ठरवला. फेकला नाही. अजून आहे.

आप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या अर्जाचा मेसेज मात्र त्यांच्या बहिणीच्या, आक्कांच्या, पोराच्या मोबाईलवर अजून येतो: 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे.' प्रक्रिया सुधारणं हाच ज्या माणसाचा आयुष्यभराचा धंदा, त्याची ही चेष्टा कोण करतंय, म्हणून मी पुष्कळ शोधलं. खातं सापडतं. नाव सापडत नाही.

त्यांच्या कार्डावर 'बिझनेस इंजिनिअर' असं छापलेलं होतं. गल्लीतले लोक ते कार्ड उलटसुलट करून विचारायचे, आप्पा, म्हणजे नेमकं काय दुरुस्त करतासा? मोटर करतासा? पंप? आप्पा म्हणायचे, "मी थांबणं दुरुस्त करतो." पुढं कुणी विचारायचं नाही. एका म्हातारीनं फक्त विचारलं होतं, की माझी बस लई थांबती, तेवढी बघ. आप्पा खरोखर दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन उभे राहिले.

उभं राहणं ही त्यांची सगळी विद्या. कारखान्यात बोलावलं की पहिला दिवस ते कुणाशी बोलायचे नाहीत. एका कोपऱ्यात उभे. बसायला खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायचे. उद्यमबागेतल्या कारखान्यांतले कामगार त्यांना खांबसाहेब म्हणत. "खांबाला टेकू नका रं, हालतोय," अशी टिंगल त्यांच्या पाठीमागं चालायची आणि ती त्यांना ऐकू जायची. घड्याळ लावून मोजणाऱ्या इंजिनिअर लोकांवर त्यांचा राग होता. घड्याळ काढलं की माणूस नाटक करतोय, म्हणायचे. त्यांचं मोजमाप म्हणजे चिंचोके. सकाळी डाव्या खिशात मूठभर चिंचोके. कुठं काम अडलेलं दिसलं, माणूस कशाची तरी वाट बघत ताटकळलेला दिसला, की एक चिंचोका गुपचूप उजव्या खिशात. संध्याकाळी घरी येऊन उजवा खिसा पाटावर ओतायचे.

पाट म्हणजे त्यांचं टेबल. घरात पुढच्या खोलीत वडिलांच्या हातमागाचा खड्डा होता. माग कधीच विकला गेला, पण आप्पांनी खड्डा बुजवू दिला नाही. वडील जिथं पाय सोडून पावड्या मारायचे तिथंच ते पाय सोडून बसत आणि जमिनीवर पाट ठेवून त्यावर मोठ्या कागदांवर चौकोन काढत. एक काम, एक चौकोन. चौकोनात ते काम करणाऱ्याचं नाव. हुद्दा नाही, नाव. 'स्टोअर' नाही, 'बसाप्पा'. नाव लिहिल्याशिवाय पुढचा बाण काढायचा नाही, हा नियम. आणि सगळं पेन्सिलीनं. पेनानं लिवलं की माणूस आपलंच खरं करायला बघतोय, म्हणायचे.

वडगावातल्या एका यंत्रमागवाल्यानं त्यांना बोलावलं होतं. त्याची तक्रार एकच, माझी माणसं तंबाखू मळत बसत्यात. आप्पा दिवसभर उभे राहिले. सकाळी माग उभे, माणसं उभी, आणि आप्पांचा उजवा खिसा जड. कारण आडव्या धाग्याच्या कांड्याच नव्हत्या. कांड्या भरायच्या आसपासच्या घरांतल्या बायका, आणि त्या सगळ्यांच्या मिळून एक बाई डोक्यावर मोठी बुट्टी घेऊन यायची ती अकरा वाजता. आप्पांनी तिला विचारलं, लवकर का येत न्हाईस? ती म्हणाली, मालकच म्हणालेत, फाटक सारखं सारखं उघडायचं न्हाय, एकदाच काय ते आण. मग बुट्टी भरूस्तवर मी घरात बसून असतो की ओ.

आप्पांनी एक मोठी बुट्टी बंद करून दोन लहान केल्या. पहिली माग सुरू व्हायच्या आधी, दुसरी दुपारी. मालकाचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं, पुण्याचं एखादं मशीन सुचवतील. "एवढंच? ह्येला इंजिनिअर कशाला लागतोय?"

"इंजिनिअर लागत न्हाय," आप्पा म्हणाले. "उभं राहाय लागतंय."

हे सांगताना ते नेहमी जोडायचे, की उत्तर तिथंच बसलेलं असतंय, डोक्यावर बुट्टी घेऊन. त्येला कोण विचारत न्हाय. मला हे त्या वेळी भाबडं वाटायचं. अजून थोडं वाटतं. त्या बायकांना कांडीमागं मिळतं काय, हे आप्पांनी मालकाला विचारलं नव्हतं, आणि त्यावरून मी त्यांच्याशी भांडलेही होते. ते म्हणाले, ते तू विचार, तुझा आवाज मोठा हाय.

नावाचा नियम त्यांना एकदा चांगलाच भोवला. उद्यमबागेत एका कारखान्यात तयार माल गंजत पडायचा. सगळे म्हणायचे, क्वालिटी अडवतंय. आप्पा म्हणाले, क्वालिटी म्हणजे कोण? नाव फिरत फिरत खालून वर गेलं. शेवटी निघालं असं, की माल बाहेर जाण्यापूर्वी एक छोटी सही लागते आणि ती सही स्वतः मालक करतात, कारण त्यांचा कुणावर विश्वास नाही. आणि मालक बॅडमिंटन खेळून, आंघोळ करून, देवपूजा करून साडेबाराला येतात. दुसरा कुणी असता तर त्या चौकोनात 'अंतिम मंजुरी' लिहून गप्प बसला असता. आप्पांनी सगळ्या मॅनेजरांसमोर तक्ता उलगडला आणि चौकोनात मालकाचं नाव, आडनावासकट. त्या आठवड्यात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. मी विचारलं, वाईट वाटलं? म्हणाले, शाल चांगली होती.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्या खड्ड्याच्या काठावर बसून पुष्कळ तक्ते बघितले. माझी पत्रकं लहान होत गेली. नाव लिहायचं म्हटलं की निम्मा मजकूर आपोआप गळतो. नाव छापलं तर केस पडेल, असं मी म्हणाले तर म्हणायचे, छापू नको, जाऊन भेट. मी जाऊन भेटायला शिकले. ओरडणं सोडलं नाही.

मग त्यांच्या किडन्या गेल्या.

बायको आधीच गेलेली, मूल नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, किडनी बसवली तर माणूस उभा राहील, नाही तर हे असंच, जितके दिवस चालेल तितके दिवस. तेव्हा उभी राहिली अनुसयाआक्का. आप्पांची, तिच्या सदाची, थोरली बहीण, कागलात दिलेली. हिनं लहानपणी कांड्या भरून भरून धाकट्याला इंजिनिअर केलेला. ती म्हणाली, दोन हायत न्हवं मला? एक घे. डॉक्टरांनी तपासलं. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, बाईंची तब्येत ठणठणीत.

राहिले फक्त कागद.

निपाणी ओलांडली की अर्ध्या तासात कागल. पण मधे राज्य बदलतं. देणारी महाराष्ट्रातली, घेणारा कर्नाटकातला, म्हणजे दोन्हीकडून ना-हरकत पाहिजे. आणि सख्खी बहीण असल्याचा पुरावा पाहिजे. आप्पांनी त्याच दिवशी पाट ओढला आणि चौकोन काढायला घेतले. मला म्हणाले, हे सोपं हाय गं. वाट लांब हाय, पण वाट हाय.

कागदांची देवाणघेवाण निपाणी स्टँडवर व्हायची. इकडून आप्पा आणि मी, तिकडून आक्का. आक्का दर वेळी डबा आणायच्या. आप्पांना त्यातलं काही चालायचं नाही. "तुला चालत न्हाय? मग मी खातो बघ," म्हणत त्या त्यांच्यासमोर बसून सगळा संपवायच्या आणि आप्पा पेल्यात मोजून दिलेलं पाणी घोटघोट पीत हसायचे.

पहिली अडचण अंगठ्याची आली. आयुष्यभर धागा ओढून आक्कांचा अंगठा गुळगुळीत झालेला. मशीन तो घेईचना. सही पाहिजे, आणि आक्का शाळेत गेलेल्या नव्हत्या. मग निपाणी स्टँडच्या बाकावर, शेंगा विकणाऱ्याच्या शेजारी, आप्पांनी बहिणीला सही शिकवली. म्हणाले, सासरचं नाव नको, ह्या कागदाला बापाचं पाहिजे. 'अनुसया ज्ञानू'. आक्कांना 'अनुसया' दोन खेपांत आलं. 'ज्ञ' काही येईना. "ह्यो कसला गं आडमुठा," त्या मला म्हणायच्या, "कुठनं सुरू हुतोय आणि कुठं संपतोय." तीन-चार खेपांनंतर आला. वाकडा, पण आला.

आणि अर्ज अडला तो त्याच अक्षरावर.

त्यांच्या वडिलांचं नाव ज्ञानू. आप्पांचे कागद इकडचे, कन्नडमधून इंग्रजीत गेलेले. तिथं ज्ञ चा जे-एन झाला. आक्कांचे कागद तिकडचे, मराठीतून इंग्रजीत गेलेले. तिथं ज्ञ चा डी-एन-वाय. उच्चार एक, माणूस एक, खड्डा एक. पण कॉम्प्युटरच्या रकान्यात एका बापाची दोन पोरं दोन बापांची झाली. अर्ज आपोआप परत. कारण: वडिलांचे नाव जुळत नाही.

मी प्रतिज्ञापत्र करून आणलं. ते जोडायला जागा होती, वाचायला कुणी नव्हतं. रकाना रकान्याशीच बोलत होता. नाव दुरुस्त करावं म्हटलं तर इकडचे म्हणाले, आमच्यात ज्ञ असाच लिहितात. तिकडचे म्हणाले, आमच्यात तसाच. दोघंही खोटं बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, मला ठाऊक आहे ही सख्खी बहीण आहे, रक्तच सांगतंय. पण अर्ज पुढं गेल्याशिवाय मी हात लावू शकत नाही. रक्त जुळलं, अक्षर जुळेना.

इकडच्या कचेरीत मी एकदा भडकले. खिडकीतून सारखं एकच ऐकू यायचं, "सिस्टिम तगोळंगिल्लरी," सिस्टिम घेत नाही म्हणून. माझ्यातलं सगळं पत्रक बाहेर पडलं. आवाज चढवला, माणूस मारायला बसलासा असं मी ओरडले, रांग गोळा झाली. खिडकीतली मुलगी रडायला लागली आणि मराठीत म्हणाली, "मी बेळगुंदीची हाय ओ ताई. कंत्राटावर हाय. मला काढतील." माझ्याच वयाची. टेबलावर तिचा डबा उघडा पडलेला. मी इतकी वर्षं ज्याला शोधत होते तो झोपलेला प्रशासन नावाचा माणूस, तिथं बसलाच नव्हता.

आप्पा मागं उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि त्या मुलीला विचारलं, दिवसभरात कितीजणांचं असं होतं? ती म्हणाली, लई जणांचं. आप्पा तासभर तिथं उभे राहिले. मग तिला एक चिठ्ठी करून दिली: कुठली अक्षरं इकडं कशी आणि तिकडं कशी लिहितात, त्याची यादी, लग्न होऊन तिकडं गेलेल्या किंवा तिकडून आलेल्या बायकांचे अर्ज भरायच्या आधीच ती बघायची. पुढं कळलं, तिनं ती खिडकीला चिकटवली आणि नवे अर्ज परत यायचे कमी झाले. आप्पांचा अर्ज आधीच भरून गेलेला होता, आणि एकदा भरलेलं नाव सिस्टिम बदलू देत नव्हती. त्याला ती चिठ्ठी लागू नव्हती.

वर विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअर तसं आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला तर म्हणाले, नियम वरून आलाय. वर पत्र लिहिलं तर उत्तर आलं, अर्ज सिस्टिममधून करावा. आप्पांच्या तक्त्यावर हे सगळे बाण गोल फिरून एकाच चौकोनाशी येत. त्यात काम लिहिलं होतं: 'दोन ज्ञ एकच आहेत, हे ठरवणे'. खाली नाव नव्हतं. त्यांनी त्यासाठी काय केलं नाही? ते उभे राहायचे, त्या अशक्त पायांवर, ह्या दारात, त्या जिन्यात. एक दिवस निपाणीहून येताना बसमध्ये त्यांनी डावा खिसा चाचपला आणि म्हणाले, "चिंचोके संपले की गं." उजव्यातले परत डाव्यात भरले. असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं.

दरम्यान तपासण्या शिळ्या झाल्या. त्या पुन्हा केल्या तेव्हा आधी मिळालेल्या ना-हरकतीची मुदत संपली. ती पुन्हा मागितली तेव्हा तपासण्या शिळ्या. आप्पांनी तक्त्यावर शेवटून पहिल्यापर्यंत एक लांब बाण काढला.

"ही वाट न्हाय," म्हणाले. "चाक हाय."

मी म्हणाले मोर्चा काढूया, दोन्हीकडची माणसं जमवते, हद्दीवर बसूया. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं नाही. "काढ," म्हणाले. "पण कुणाच्या दारात न्हेणार?" दार नसतानाच आम्ही बसलो, एक दिवस, हद्दीजवळ. फोटो आले. निवेदन घ्यायला एक साहेब आले, ते फार सज्जन होते, त्यांनी आप्पांची चौकशी केली. त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

डायलिसिसच्या वॉर्डात मात्र आप्पांची विद्या चालली. खानापूरकडच्या पेशंटांची शेवटची बस चुकायची, कारण लांबच्यांना उशिरा मशीनवर घ्यायचे. आप्पांनी पडल्या पडल्या चार चौकोन काढले, नर्सचं नाव, सफाई करणाऱ्या मावशींचं नाव. लांबचे आधी, जवळचे नंतर. आता त्यांना बस मिळते. आप्पा शहापूरचे, जवळचे. त्यांचा नंबर शेवटचा लागायला लागला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या वॉर्डात, दुपारी. डावा हात मशीनला, उजव्या हातात पेन्सिल, पोटावर तक्ता. आक्का कागलहून येऊन राहिल्या होत्या. त्या खुर्ची ओढून तक्त्यावरून बोट फिरवत होत्या. वाचता येत नव्हतं, पण कागद घेऊन इतके हेलपाटे घातलेले, की चौकोन त्यांना ओळखीचे झाले होते. ही निपाणी, म्हणायच्या, ह्यो माझ्या तलाठ्याचा, ह्यो त्या रडणाऱ्या पोरीचा. बोट रिकाम्या चौकोनावर थांबलं.

"हितं काय लिवलं न्हाईस की सदा."

"तिथं कोण न्हाय गं आक्का."

"कोण न्हाय म्हंजे? कोणतर असंलच की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पत्रकं लिहिणारी. मला काहीतरी माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. मग त्या आप्पांकडं वळल्या. "मग माझं लिव. मी हाय की."

आप्पांनी कधी चौकोनात खोटं नाव लिहिलं नव्हतं. ज्याच्या हातात काम आहे त्याचंच. मला वाटलं, ते समजावून सांगतील. त्यांनी पेन्सिल बहिणीच्या हातात दिली आणि तक्ता तिच्याकडं सरकवला.

आक्कांनी तोंडातल्या तोंडात म्हणत सावकाश लिहिलं. 'अनुसया' नीट आलं. मग जरा थांबून, जीभ दातात धरून, त्या बापाच्या नावाला लागल्या. आप्पा मान उचलून बघत होते, पेन्सिलीच्या टोकाबरोबर त्यांचं बोट चादरीवर फिरत होतं. ज्ञ या खेपेला सरळ आला. पण मोठा आला. तो काही त्या चौकोनात मावला नाही.